दशरथचा करदोडा

मला कुणी गोड बोललं की मी आधी त्याच्या हाताकडं बघते. स्वभावच तसा हाय, काय करू? कडावला मी म्हशी राखते, डेअरीवर दूध घालते. तिथला माणूस ज्या दिवशी "या सोनाबाई, बसा" म्हणतो, त्या दिवशी फॅट हमखास कमी लागतो. म्हणून त्या दवाखान्यात एक कोवळी पोरगी गळ्यात तपासायची नळी अडकवून माझ्यापुढं आली आणि "मावशी, काळजी करू नका" म्हणाली, तेव्हाच मला खरी काळजी लागली. तोवर नुसती भीती वाटत होती.

पण आधीचं सांगायला पायजे, नायतर तुमाला काय कळणार?

दशरथ माझा धाकटा भाऊ. खालापूरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी आमचं माहेर. तिथं तो भात लावतो आणि कंपनीत पाळीवर जातो. आई गेली तेव्हा तो शाळेत होता, त्याला मीच वाढवला म्हटलं तरी चालेल. त्याचं लग्न झालं तरी माझा हात आखडला नाय. पारडू दिलं, बियाणं दिलं. माझ्या पोरानं बॅटरीचा फवारणी पंप घेतला, तेव्हा आमचा जुना पाठीवरचा पंप टेंपोत टाकून याच्याकडं पाठवला. आणि त्याची बायको आवडी! हातात वस्तू पडली की मान खाली. "बरं झालं वन्सं" एवढं म्हणायला काय जीभ झिजते? माझ्यासमोर तिच्या तोंडाला कायम कुलूप. इतकी गप्प बाई मला कधी सरळ वाटली नाय.

गौरी-गणपती उरकून मी चार दिवस माहेरी राहायला गेले होते. भात पोटरीला आलेलं आणि त्यावर तुडतुडे पडलेले, गावात जो तो फवारणीच्या मागं. त्या सकाळी मी पडवीत येते तर मागच्या दारी दोघांचं वाजलेलं. आवडीचा आवाज चढलेला. आवडीचा! शब्द काय कळले नाय, पण मी दारात उभी राहिले तशी दोघं चिडीचूप.

"काय झालं रं?"

"काय नाय आक्का," दशरथ म्हणाला, पंप पाठीला अडकवला आणि शेतावर गेला. आवडी खाली बसून भांडी घासायला लागली. स्वच्छ भांडी. मी मनात म्हटलं, इथं कुठंतरी पाणी मुरतंय.

जेवणवेळेच्या आधीच तो परत आला, भिंत धरत धरत. घामानं निथळत होता, तोंडातनं लाळ गळत होती. ओटीवर भडाभडा ओकला. डोळ्यांतल्या बाहुल्या बारीक झालेल्या, मोहरीसारख्या. मी शेजारच्या टेंपोवाल्याला हाक मारायला धावले. परत येते तर आवडीनं त्याचे सगळे कपडे बदललेले! माणूस मरायला टेकलाय आणि ही त्याला धुतलेली पँट चढवतेय. काढलेले कपडे कुठं, तर मागच्या दारी दगडावर, वरनं बादलीभर पाणी ओतलेलं. कशाला गं बाई? काय धुऊन टाकत होतीस?

हायवेच्या कडेला एक मोठा दवाखाना हाय. एक्स्प्रेसवेवरच्या अपघातातली माणसं तिथंच नेतात. टेंपो थेट तातडीच्या दारात लावला. ढकलगाडी आली, माणसं धावली. "काय झालं यांना?" कुणीतरी ओरडून विचारलं. आवडीनं तोंड उघडायच्या आत मीच बोलले, "फवारणीचं औषध प्यायला असणार. सकाळी नवराबायकोचं भांडण झालंय."

आवडीनं माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं. खोटं असतं तर "खोटं हाय" म्हणाली असती की नाय? म्हणाली नाय. मी समजायचं ते समजले.

आत पडदा अर्धवट ओढलेला होता. त्या फटीपाशी मी ठाण मांडलं, कुणी हलवलं तरी हलायचं नाय असं ठरवून. आत तीच ती पोरगी. छातीवर नावाची पाटी, सुरभी. माझ्या धाकट्या लेकीएवढी असेल. तिच्या मागं चष्मा लावलेला, केस पिकलेला एक जण उभा होता. त्याला सगळे देवेश सर म्हणत होते. मोठा डॉक्टर तोच, हे न सांगता कळत होतं. आणि तो काय करत होता ठाऊक हाय? हात पाठीमागं बांधून उभा होता!

पोरगी सुई लावतेय, नळ्या जोडतेय, आणि हा शांतपणे विचारतोय, "सुरभी, आता काय देशील?" ती औषधाचं नाव सांगते. "थांबणार केव्हा?" "छातीतलं पाणी सुकलं की, सर." "आणि ते कळणार कसं?" अगो बाई! माझा भाऊ तिथं घुसमटतोय आणि हा तिची तोंडी परीक्षा घेतोय! माझं डोकंच फिरलं. बाजूनं जाणाऱ्या नर्सबाईचा हात धरला.

"ही पोरगी कोण?"

"डॉक्टर सुरभी. एमडी करतायत, इमर्जन्सीचं. तीन वर्षांचं शिक्षण असतं, मॅडम दुसऱ्या वर्षाला आहेत."

"म्हंजे अजून शिकतेय?"

"डॉक्टर आहेतच हो त्या. आता यातल्या तज्ज्ञ होतायत."

"झालीय का?"

"होतायत."

"मग झाल्यावर हात लावू दे माझ्या भावाला!" मी एवढ्यानं ओरडले की पलीकडचा हात मोडलेला ट्रकवालासुद्धा उठून बसला.

त्यावर ती पोरगी बाहेर आली. तेव्हाच ते "मावशी, काळजी करू नका" झालं. म्हणाली, नळीनं पोट धुतोय, श्वास कमी पडतोय म्हणून मशीन लावतोय. मी म्हटलं, "मोठ्या डॉक्टरला करू दे." ती म्हणाली, "सर माझ्या पाठीशीच आहेत. माझं चुकतंय असं वाटलं तर सरांचा हात पुढं येतो."

"म्हंजे चुकतं!"

तशी पोरगी आत पळाली.

कपडे काढताना तर मी डोळ्यांत तेल घालून बघत होते. कात्रीनं टराटरा कापले, तेच, आवडीनं चढवलेले. मग कात्री कमरेपाशी गेली. दशरथच्या कमरेला काळा जाड करदोडा हाय, पीळ घातलेला, त्यात आमच्या आईची चांदीची अंगठी ओवलेली. कात्री तिथं गेली आणि पोरीचा हात थांबला. एकदा सरांकडं बघितलं. सर तेव्हा मशीनकडं बघत होते. तिनं कात्री बाजूला ठेवली. घ्या! हात कापतोय पोरीचा, मी म्हटलं. मग साबणाच्या पाण्यानं अंग पुसलं आणि सरांनी विचारलं, "अंगावर काही राहिलंय?"

"नाही सर," ती म्हणाली.

मग आमची उलटतपासणी. एक शिकाऊ आला, "काय प्यायले, किती, केव्हा?" तो गेला, दुसरी आली, तेच. मग सुरभी आली, पुन्हा तेच. एकच गोष्ट तीनतीनदा कोण विचारतं? पोलीस विचारतात, माणूस खोट्यात सापडावा म्हणून. आणि म्हणता म्हणता पोलीसही आले. विषाचं प्रकरण म्हंजे चौकीत कळवावंच लागतं म्हणे. हवालदार खुर्ची ओढून बसला आणि माझ्याकडं बघायला लागला.

"माझ्याकडं काय बघता साहेब? मी बहीण हाय. जिच्याशी भांडला तिला विचारा. कपडेसुद्धा हिनंच बदललेत, घाईघाईनं."

आवडीचं तोंड पांढरं पडलं. "ते प्यायले नायत," एवढंच म्हणाली, पायाच्या अंगठ्याकडं बघत.

"मग काय झालं?"

गप्प. हवालदारानं तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि "पेशंट बोलायला लागला की येतो" म्हणून उठला. जाताना आवडीला म्हणाला, "गाव सोडून कुठं जाऊ नका." मला वाईट वाटलं का? खोटं कशाला बोलू, नाय वाटलं. माझा भाऊ जगतो का मरतो, एवढंच माझ्या डोक्यात. आणि ज्यानं कुणी त्याला या दशेला आणलं, त्याला मी सोडणार नव्हते.

मधे जरा बरं झालं. सुरभी बाहेर येऊन म्हणाली, "छाती कोरडी होतेय." मी म्हटलं, बघू. उन्हं कलली तशी आतनं मशीन ओरडायला लागली. पुन्हा धावपळ. नळीतनं पुन्हा फेस यायला लागला, पुन्हा घाम. मी पडद्याला कान लावला.

"पोटातून जे आलं त्याला औषधाचा वास होता?" देवेश सर विचारत होते.

"नाही सर. चहा आणि भाकरी, तेवढंच."

"मग विष शरीरात गेलं कुठून? आणि विषावरचा उतारा चालू असताना हा परत का घसरतोय? शोध." आणि गडी चालता झाला, दुसऱ्या पेशंटकडं!

शोध म्हणतो! याला ठाऊक नाय, की ठाऊक असून सांगत नाय? दोन्ही वाईटच की. माझ्या भावाचा जीव म्हंजे काय यांची शाळा हाय?

तेवढ्यात सुरभी आमच्याकडं आली. तोंड उतरलेलं, पण आवाज पुन्हा गोड. "मावशी, सकाळपासून पोटात काही नाही तुमच्या. गेटबाहेर टपरी आहे, चहा घेऊन या. वहिनींसाठीही आणा."

मला तिथनं हलवायचं होतं तिला. हे न कळायला मी काय दुधखुळी हाय? पण डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली होती हेही खरं. आडवी पडले असते तर दोन पेशंट झाले असते आणि लक्ष ठेवायला कोण? म्हणून गेले. जाताना आवडीला बजावलं, "कुठं सही करू नको, कुणी काय सांगितलं तरी."

टपरीवर हायवेची धूळ आणि ट्रकवाल्यांची गर्दी. चहा घशाखाली उतरेना. अर्धा टाकला, आवडीसाठी एक प्लास्टिकच्या पिशवीत बांधून घेतला आणि झपाझपा आले.

बाकावर आवडी नव्हती. पडदा पुरा ओढलेला. आणि पडद्याबाहेर एक पिवळी पिशवी ठेवलेली, दवाखान्याची घाण टाकायची. तिच्या तोंडाशी, कापलेला, दशरथचा करदोडा.

तुमच्यात काय रीत हाय मला ठाऊक नाय. आमच्यात करदोडा जित्या माणसाच्या कमरेवरनं उतरत नाय. जुना झाला, झिजला, तरी आधी नवा बांधायचा, मग जुना काढायचा. कंबर एक पळभर मोकळी ठेवायची नाय. तो तोडायचा एकदाच, माणूस गेल्यावर, तिरडीवर घ्यायच्या आधी. आमच्या बापाचा तोडताना मी बघितलाय.

चहाची पिशवी हातातनं पडली, ती पायावर फुटली, भाजलं, तेही नंतर कळलं. माझा दशरथ गेला! आणि आतनं आवाज येतायत, "दाब बघ," "अजून एक दे," मशीनचा सुसाट आवाज. म्हंजे काय? मेलाय आणि सांगत नायत! मेल्या माणसावर शिकून घेतायत! म्हणूनच मला चहाला धाडलं. सगळं चित्र एका झटक्यात माझ्यापुढं उभं राहिलं, आणि देवाशप्पथ, त्यात कुठं फट नव्हती.

मी पडदा फाडलाच म्हणा. आत सुरभी, दोन शिकाऊ, नर्सबाई, आणि भिंतीला टेकून आवडी. दशरथ उघडा पडलेला, कंबर मोकळी.

"चांडाळांनो! मेलेल्यावर हात साफ करताय? माझ्या भावावर? तुमच्या आईबापावर शिका जा!"

"मावशी, जिवंत आहेत ते—"

"छाती ती मशीन हलवतेय! मला शिकवू नको! मेलेल्या रेड्याच्या नाकात पंप घातला तर तोसुद्धा हलंल!" आणि मी त्याच्या तोंडातल्या नळीला हात घातला. काढायचीच होती मला. माझा भाऊ मला त्यांच्या हातातनं सोडवायचा होता.

त्या पोरीनं माझं मनगट धरलं. काय पकड होती! हात कापत नव्हता तेव्हा. नळीपासनं माझा हात सोडवला आणि ओढून दशरथच्या मानेवर नेला, हनुवटीच्या खाली, बाजूला. बोटं दाबून धरली.

"मशीन श्वास देतं," ती म्हणाली. "हे देत नाही. हे त्यांचं स्वतःचं आहे. बघा."

पहिल्यांदा काय लागलं नाय. मग लागलं. बोटाखाली टकटक, टकटक. घाईघाईत पळत असल्यासारखं, पण चालू. मी बोटं काढेनाच. लहानपणी ताप आला की तो माझ्या कुशीत निजायचा, तेव्हा असंच त्याचं काळीज पळायचं. मी तिथंच खाली बसले आणि मोठ्यानं रडले. लाज नाय वाटली.

"मग करदोडा का तोडला?" जरा वेळानं विचारलं. राग परत आला होता. "नेमका तोच का?"

देवेश सर आले होते आवाज ऐकून. ते सुरभीकडं बघत राहिले, हात तसेच पाठीमागं. ती माझ्याशेजारी जमिनीवर उकिडवी बसली.

"सकाळीच तोडायला हवा होता, मावशी. मी नेरळची. माझ्या बाबांच्या कमरेला आहे. कात्री नेली होती, पण हात होईना. म्हटलं, दोराच तर आहे, राहू दे. आणि सरांना सांगितलं की अंगावर काही राहिलं नाही." तिनं पिवळ्या पिशवीकडं बोट दाखवलं. "तो औषधानं भिजलेला होता. ते प्यायलेच नव्हते. पाठीवरचा पंप गळत होता, सगळं कमरेवर उतरत होतं. दोऱ्यात मुरलेलं विष दिवसभर कातडीतून आत जात राहिलं. तो ठेवला, ही माझी चूक. आता काढलाय, कंबर पुन्हा धुतलीय. आता घसरायला नकोत."

आता बघा. दिवसभर मी या लोकांचं एक खोटं शोधत होते. एक सापडलं असतं तर दवाखाना डोक्यावर घेतला असता. आणि ही बया स्वतःहून चूक माझ्या हातात आणून देते, तीही सगळ्यांसमोर, स्वतःच्या सरांसमोर! मी तिला बोलले नाय असं नाय. बोलले. "तुझ्या दयेपायी भाऊ गेला असता माझा" असंही बोलले. तिनं मान हलवली, "हो" म्हणाली. "हो" म्हणणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं, हे मला अजून जमत नाय.

मग डोक्यात दुसरं शिरलं.

"पंप गळत होता, हे तुला कुणी सांगितलं?"

सुरभीनं आवडीकडं बघितलं. "वहिनींनी. तुम्ही चहाला गेल्यावर. कपडे बदलले, असं तुम्ही हवालदारांना सांगितलं होतं ना, ते माझ्या डोक्यात राहिलं होतं. का बदलले म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, पाठ-कंबर औषधानं ओलीचिंब होती."

"मग सकाळी का नाय बोललीस गं आवडे? तीनतीनदा विचारत होते!"

आवडी भिंतीला आणखी चिकटली. माझ्याकडं बघितलं, तसंच, टेंपोतनं उतरल्यावर बघितलं होतं तसं. आणि त्या क्षणी मला कळलं की पंप कुणाचा होता.



नर्सबाईनं पिशवीतली अंगठी धुऊन माझ्या हातावर ठेवली. कंबर मोकळी कशी ठेवायची, म्हणून मी इकडंतिकडं बघत होते, पदराची किनार फाडावी का म्हणून. सुरभी कपाटापाशी गेली आणि एक पाकीट फाडून आणलं, जखमेला टाके घालायचा काळा रेशमी दोरा. एकानं भागेना, आणखी पाकिटं फाडली. मी पीळ घातला, अंगठी ओवली. देवेश सर म्हणाले, "बांधा. पण सैल." दिवसभरात माझ्याशी बोललेले त्यांचे हे पयले शब्द. दोरा मी आवडीच्या हातात दिला. तिनं बांधला. गाठ बसेपर्यंत मी तिचं मनगट धरून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे शिकाऊ खाटेभोवती जमले. मी पायथ्याशीच होते. मला तिथनं उठवायची आता कुणाची टाप नव्हती. सर म्हणाले, "काल काय चुकलं, सांग." मला वाटलं, रात्रीत काहीतरी साळसूद उत्तर तयार केलं असेल. तसं नाय. सुरभी ताठ उभी राहिली आणि अथपासनं इतिपर्यंत सांगितलं. करदोडा दिसला, ठेवला, सरांना "काही नाही" सांगितलं. कान लाल झाले होते पोरीचे. मी वाट बघत होते, आता सर झापणार, बाकीचे हसणार. कुणी हसलं नाय. सर म्हणाले, "उद्यापासून कुणाच्याही कमरेला, दंडाला, गळ्यात काय आहे ते हात लावून बघायचं. घरच्यांना आधी सांगायचं, मग कापायचं. आणि घरच्यांना विचारायचं ते एकेकट्याला." मग ते पुढच्या खाटेकडं गेले, आणि ती पोरगी नाक पुसून त्यांच्या मागं. एवढंच. आभाळ काय कोसळलं नाय.

मी तिच्यावर लगेच विश्वास टाकला असं कुणी समजू नका. पुढचे दिवस तिनं दिलेलं प्रत्येक इंजेक्शन मी मोजत होते. पण ती सुट्टीवर गेली त्या दिवशी मी नर्सबाईला विचारलं, "आज ती शिकाऊ नाय का? मग कोण बघणार?" नर्सबाई तोंडाला रुमाल लावून हसली. हसू दे.

नळी निघाली, दशरथ वॉर्डात आला. आवाज बसलेला, पायांत बळ नाय, पण डोळे जागेवर. पयलं काय केलं असेल तर कमरेला हात लावून बघितला. "दोरा वेगळा हाय," घोगऱ्या आवाजात म्हणाला. आवडी म्हणाली, "वेगळाच हाय. राहू दे."

आणि मग हवालदार आला जबाब घ्यायला. दशरथ म्हणाला, "मी प्यायलो नाय साहेब. पंप गळला." हवालदारानं लिहून घेतलं आणि माझ्याकडं मान वळवली. "ताई, तुमी तर त्या दिवशी भांडण म्हणालात. भांडण कशावरनं होतं?"

"पंपावरनंच," आवडी एकदम बोलली. माझ्याआधी! "गळका हाय, नेऊ नका म्हणत होते मी. भाड्यानं आणलेला पंप होता साहेब. बाजारातनं. कुणाचा ते आता आठवत नाय."

दशरथ छताकडं बघायला लागला. मी दोघांकडं बघितलं. दोघं मिळून मला वाचवत होते, जसं त्या सकाळी मागच्या दारी गप्प बसून वाचवलं होतं. माझा पंप गळतो, हे माझ्या तोंडावर म्हणायची त्यांची छाती नव्हती.

"भाड्याचा कसला?" मी म्हटलं. "पंप माझा. मीच पाठवला होता, टेंपोतनं."

"आक्का—" दशरथ.

"तू गप रं. कालपर्यंत नरड्यात नळी होती तुझ्या. लिहा साहेब, पंप सोनाबाईचा, कडावच्या. आणि ही बाई खरं बोलत होती."

हवालदारानं पेन थांबवलं. "मग त्या दिवशी एवढं विचारलं, तेव्हा का नाय सांगितलं कुणी?"

"मला ठाऊक नव्हतं साहेब," मी म्हटलं. "हिला ठाऊक होतं. पण मी तिथंच उभी होते ना."